आठ फुटांचा हौदा

४ फेब्रुवारी

चि. मिस्त्रीबाईस,
अ. उ. आ.

पाय कसा आहे? दिवसभर लोकांच्या गाड्या खालून बघायच्या आणि शेवटी स्वतःच गॅरेजातल्या पिटाच्या खड्ड्यात पडायचं, हे तुझ्यासारखीलाच जमतं. प्लॅस्टर निघेपर्यंत गॅरेजात पाऊल टाकू नकोस. घरी बसली आहेस तर बापाच्या चार प्रश्नांची उत्तरं तरी दे.

आपली जुनी पिकअप गेली. डिसेंबरात शाळेच्या कुंपणाला जरा घासली, त्यात पुढचा पत्रा आत गेला, आणि तिच्यावर आणखी खर्च करण्यात अर्थ नव्हता. विशेष काही नाही. आता जुन्या गाड्यांच्या दलालाकडे दोन पिकअप बघून ठेवल्या आहेत. एक लहान, मागचा माल भरायचा हौदा जेमतेम साडेपाच फूट. चालवायला हलकी म्हणतात. दुसरी मोठी. हौदा चांगला आठ फूट, मागचा फळका लावून सात फुटांचं दार आत आडवं झोपतं. मी फूटपट्टी नेली होती, दलाल हसत होता.

मला कुठली आवडली हे काय विचारणं झालं? शाळेच्या नव्या इमारतीची चौदा दारं माझ्याकडे आहेत, मे महिन्यात बसवायची आहेत. लहान गाडीत प्रत्येक दार दीड फूट बाहेर लोंबणार. दारं करणाऱ्या सुताराने तसली गाडी घ्यायची म्हणजे शिंप्याने नखं कापायची कात्री घेऊन बसण्यासारखं आहे. पण तू हो म्हटल्याशिवाय घेणार नाही, हे आईला कबूल केलं आहे.

तेव्हा एवढं कळव. मोठ्या गाडीचा क्लच फार जड असतो का? सीट पुढे सरकते ती किती? पेडलची रुंदी साधारण किती, आणि त्यावरचं रबर काढता येतं का? आईला यातलं काही विचारू नकोस, तिला गाड्यांतलं काय कळतंय.

पायाला जप. बापाची आठवण पायासारखी दुखू देऊ नकोस, एवढंच.

तुझा,
बाबा

८ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पाय ठीक आहे. खाज सुटते, तेवढी मात्र भयंकर.

आधी गाड्यांचं. मोठ्या गाडीखाली आडवं होऊन मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांपाशी चासीच्या सांगाड्याला जोड दिलाय का ते दलालाच्या नव्हे, दुसऱ्या मेकॅनिकच्या डोळ्यांनी बघून घ्या. तसल्या गाड्यांवर दुप्पट माल लादलेला असतो. हौद्यातला रबरी पट्टा उचलून खालचा पत्रा गंजलाय का ते बघा. लहान गाडीचा गिअर दुसऱ्यावरून पहिल्यावर टाकताना अडतो का, तेही. क्लच मोठीचा जडच असतो. सीट वीतभर सरकते, जास्त नाही.

आता सरळ विचारते. कुंपण काही चालत येऊन गाडीला घासत नाही, बाबा. गेल्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी उजव्या डोळ्याची कड अंधुक होत चालल्याचं सांगितलं होतं, आणि तुम्ही सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायला जाणार होता. गेलात का? पत्रात त्याचा एक शब्द नाही. चाळीस वर्षं गाडी चालवलेला माणूस पेडलची रुंदी विचारतो, म्हणजे आता पायही ऐकेनासा झालाय का? मला काही लपवलेलं चालणार नाही. माझे हात दिवसभर बिघडलेल्या गाड्यांत असतात आणि त्या कशा बिघडतात हे मला ठाऊक आहे. बहुतेक वेळा आत बसलेल्या माणसाला सगळं माहीत असतं आणि तो बोलत नाही.

खरं कळेपर्यंत माझ्याकडून हो मिळणार नाही. लहानही नाही, मोठीही नाही. रागावलात तरी चालेल.

आईला नमस्कार. रागातसुद्धा माया तशीच ठेवाल हे गृहीत धरते.

आपली,
मिस्त्री

११ फेब्रुवारी

चि. बाळीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ह्यांनी वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि रंधा मारत बसले. मला म्हणाले, पोरगी मजेत आहे. मग सदरा धुवायला टाकताना मीच ते काढून वाचलं. आता ह्यांना न सांगता लिहितेय.

पाय ठणठणीत आहेत ह्यांचे. डोळ्यांचं तू म्हणतेस ते खरं आहे. डॉक्टरकडे गेले नाहीत, माझं ऐकलं नाही. त्या दिवशी शाळेच्या कुंपणाजवळ एक बाई हजेरीची वही घेऊन उभी होती. गाडी तिच्यापासून हातभर अंतरावर कुंपणात घुसली. ह्यांना ती बाई दिसलीच नव्हती गं, गाडीतून उतरल्यावर तिचा आवाज आला तेव्हा कळलं. घरी आल्यावर किल्ली स्वतःहून माझ्या भांड्यांच्या फळीवर ठेवली.

मग मी ड्रायव्हिंग शाळेत नाव घातलं. हसू नकोस. वर्गात सगळ्या माझ्या नातवंडांच्या वयाच्या, मला आजी म्हणतात आणि चढावर गाडी मागे आली की टाळ्या वाजवतात. गेल्या मंगळवारी लायसन्सची परीक्षा पास झाले. त्या साहेबांनी दोनदा कागद बघितला, वय चुकलं की काय म्हणून. तेव्हा ते पेडलचे प्रश्न माझ्यासाठी होते. मोठ्या गाडीत सीट पुढे ओढली, पाठीला उशी घेतली, तरी माझा चवडा ब्रेकला पोचत नाही. लहान गाडीत अगदी व्यवस्थित पोचतो.

पण लहान घेतली की दारं संपली असं ह्यांचं म्हणणं. दारं गेली तर मी करू काय, असं एकदाच म्हणाले आणि बाहेर गेले. दुसऱ्या दिवसापासून दोन ठोकळे करायला घेतले, ब्रेकला एक आणि क्लचला एक. सागवानी, चामड्याच्या पट्ट्यांनी पेडलला आवळायचे. पॉलिशसुद्धा केलंय! रविवारी अकरा वाजता दलालाच्या आवारात मोठी गाडी चालवून बघायची आहे. खरं सांगू? मला भीती वाटते. पण ह्यांचा चेहरा बघून नाही म्हणवत नाही.

तू ह्यांच्यावर चिडू नकोस. पायाला तेल लाव, प्लॅस्टर निघाल्यावर. आणि आईला धीराचे दोन शब्द पाठव.

तुझी,
आई

१४ फेब्रुवारी

ती. बाबा आणि आई,
नमस्कार.

ते ठोकळे लावू नका. आधी हे वाचा, बाकी सगळं नंतर.

बाबा, ब्रेकवर पाय जोरात पडतो तो सरळ पडत नाही, तिरका पडतो. पट्टा कितीही आवळा, ठोकळा फिरणार. फिरला की पाय खाली घसरतो आणि ठोकळा पेडलच्या मागे अडकला तर ब्रेक दाबलाच जात नाही. आमच्याकडे गेल्या पावसाळ्यात अशी एक गाडी ओढून आणली होती. चालवणाऱ्याचं काय झालं ते लिहीत नाही.

आईचं पत्र आज दुपारी मिळालं. तुमच्या घरासमोरच्या औषधवाल्याचा फोन तासभर लावतेय, लागत नाही. टपाल सोमवारशिवाय पोचणार नाही. पाय प्लॅस्टरमध्ये नसता तर मी स्वतः निघाले असते. आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या बसचा ड्रायव्हर संध्याकाळी तिकडे निघतोय, त्याच्या हातात हे पत्र देते. उद्या साडेदहापर्यंत घरी आणून देईन म्हणालाय. तेवढ्यात तुम्ही निघू नका, हात जोडते.

आई, तुला नाही म्हणता येत नसेल तर माझं नाव सांग. लहान गाडी घ्या. बाबा माझ्याशी जन्मभर बोलले नाहीत तरी चालतील.

पोचल्याची खूण कशीही करून पाठवा. झोप लागणार नाही.

मिस्त्री

१६ फेब्रुवारी

चि. मिस्त्रीस,
अ. उ. आ.

दोघंही धड आहोत. ही ओळ आधी, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील. तार काल केलीच आहे.

तुझा ड्रायव्हर वेळेवर आला, बिचारा. आम्ही दहालाच निघालो होतो, मला दम निघाला नाही. त्याने दाराखालून पत्र आत सरकवलं, ते परत आल्यावर पायाखाली आलं.

ठोकळे मी स्वतः बसवले. पट्टे ओढून बघितले, हलत नव्हते. पुढे दोन फेऱ्या तुझ्या आईने झकास मारल्या, दलालसुद्धा वा म्हणाला. मग मी म्हटलं, आता मागे घे, दारं उतरवताना मागेच घ्यावी लागते. आवाराला मागच्या अंगाला उतार आहे. मी मागे उभा राहून, किती जागा आहे ते बघायला तोंड उताराकडे वळवून, हात दाखवत होतो. गाडीने वेग घेतला, आणि आतून ती ओरडली, अहो, बाजूला व्हा, ब्रेक लागत नाही!

मिस्त्री, मला कुठली बाजू ते कळेना. गाडीचा आवाज येत होता, गाडी दिसत नव्हती. उजवीकडून येते की मागून, काही समजलं नाही. म्हणून मी जागच्या जागी उभा राहिलो, खांबासारखा. तिला हँडब्रेक सुचला नाही, पण स्टिअरिंगचं चाक तिने पूर्ण फिरवलं आणि गाडी जुन्या टायरांच्या ढिगात घातली. माझ्यापासून वीतभर, असं दलाल सांगतो. मला तेही दिसलं नाही.

तिचं मनगट मुरगळलं आहे. उतरून ती थेट माझ्याकडे आली. तिने माझे दोन्ही दंड चाचपले, लागलंय का म्हणून विचारलं आणि मग टायरांवर बसून रडली. ठोकळा तसाच पेडलमागे अडकला होता, तू लिहिलं होतंस अगदी तसा. चाळीस वर्षं लाकडाचं काम केलं, कोणाच्या अंगावर माझं दार कधी पडलं नाही. आणि ज्या हातांनी ती दारं केली तेच हात तिच्या पायाखाली मरण ठेवत होते. मला माझीच लाज वाटते.

उजवा डोळा जवळजवळ गेला आहे. डाव्याने मधलं तेवढं दिसतं. गेले दोन महिने मापं बोटांनी घेतोय. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, तुझ्या आईलाही पूर्ण नाही. तुझा प्रश्न बरोबर होता, फक्त पायाचा अंदाज चुकला.

लहान गाडी घेतो. गुरुवारी डॉक्टरकडे जातो, आई सोबत येणार आहे.

रागावण्याचा तुझा हक्क आहे. राग संपला की लिही, वाट बघतो.

बाबा

८ मार्च

चि. मिस्त्रीस,
अ. उ. आ.

अक्षर आईचं आहे, बोलतोय मी. मध्ये मध्ये ती आपलं घुसवेल, ते तू ओळखशील.

तुझं सहा पानी रागाचं पत्र आईने दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा वाचताना तिने काही ओळी गाळल्या, मला पाठ होत्या म्हणून कळलं. (गाळलेल्या ओळी फार लागट होत्या. आई.) डॉक्टरांनी थेंब दिले आहेत, गेलेलं परत येणार नाही पण राहिलेलं राखू म्हणाले. अजून वर्षभर तरी रंधा हातात राहील.

शाळेची दारं सोडली. चौदाही. दुसरा सुतार चांगला आहे, त्याची मोठी गाडी आहे. मुख्याध्यापकांना सांगणं जड गेलं, खोटं कशाला बोलू. त्यांनी खिडक्यांची तावदानं माझ्याकडेच ठेवली. साडेचार फुटांची आहेत, साडेपाचच्या हौद्यात बसतात. गाडीच्या कागदांवर मालक म्हणून आईचं नाव घातलं. सही करताना दलालाने मला विचारलं, तुमची नको का? म्हटलं, मी आता त्यांच्या गाडीवरचा माणूस आहे.

काल पहिली फेरी झाली. मी डावीकडच्या सीटवर. सबंध रस्ताभर ती वीसच्या वर गेली नाही, मागून लोक भोंगे वाजवत होते आणि ती त्यांना आतल्या आत शिव्या घालत होती. (देत नव्हते. आई.) शाळेच्या अलीकडे चौक आहे. तिथे थांबून तिने, मी चालवायचो तेव्हा शेजारून विचारायची त्याच सवयीने, मला विचारलं, डावीकडून कोणी येतंय का.

कोणी नाही, चल, हे माझ्या ओठांवर आलं होतं. किती वर्षं तेच म्हणत आलोय, दिसलं तरी आणि न दिसलं तरी. पण मी तिला सांगितलं, मला दिसत नाही, तूच बघ.

ती बरं म्हणाली. मग माझ्या अंगावरून पुढे वाकली, नीट बघितलं, आणि गाडी काढली.

प्लॅस्टर निघालं की ये. आईच्या गाडीत बसून स्टेशनवरून घरी येशील. तोवर दोघांवरही जीव असू दे.

बाबा आणि आई