दर्शनाचं वाक्य

८ जुलै २००३
पुण्याहून प्रकाशकांनी माझ्या कादंबरीचं हस्तलिखित परत धाडलं. "बाई, भांडणाच्या प्रसंगात मुली पुस्तकी बोलतात." — वीस वर्षं आठवीला मराठी शिकवते मी! पण आहे खरं. मी वर्गात शिरले की सगळ्या चिडीचूप. भांडण ऐकणार कुठे?

१० जुलै
माझ्या वर्गातल्या नीरजा आणि दर्शना. पहिली बागायतदाराची लेक. दुसरी आत्याकडे राहून शिकते, बाप मुंबईला. एक बाक, एक डबा. ही मैत्री बघून डोकं उठतं माझं. ह्यांचंच भांडण हवं.

१४ जुलै
केलं! खेळाच्या तासाला वर्ग रिकामा. नीरजाचा कंपास दर्शनाच्या दप्तरात ठेवला. मग सगळ्यांची दप्तरं तपासली.

नीरजा रडत — "हिनंच घेतलान, बाई. आई सांगतच होती, हिच्याबरोबर बसू नको." आईचं वाक्य म्हणजे सोनं.

दर्शना रडली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "कोनी ठेवलान ते माला ठाव हाय. पन मी नाय सांगनार." थापा! ठाऊक असतं तर बोलली नसती? पण वाक्य नामी. हजेरीपटाच्या मागे लगेच उतरवलं.

१७ जुलै
मुली तिला 'चोरटी' म्हणतात. मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

२ ऑगस्ट
दर्शनाची आत्या चिमा आली. "पोर शाळंत यायला नको म्हनते. तुमी येकदा वर्गात बोला. तुमचा शब्द ऐकतील." क्षणभर वाटलं, सांगून टाकावं. पण तीन प्रकरणं राहिली होती. म्हटलं, "हाताची खोड लवकर जात नाही." आत्या शाळेतून पोरीचं नाव काढून गेली.

१९ नोव्हेंबर २००४
कादंबरीला पुरस्कार! परीक्षक म्हणाले, "बाईंना मुलांचं मन कळतं." भाषणात दर्शनाचं वाक्य म्हणून दाखवलं. टाळ्या.

९ जानेवारी २००५
एसटी स्टँडवर दर्शना दिसली. काजूच्या कारखान्यात जाते, बोटं काळी पडलीत. वाकून नमस्कार केला. "पुस्तक वाचलं मी, बाई. त्या दिवशी पानी प्यायला आलेली. तुमाला खिडकीतनं बगितलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी सांगाल म्हनून थांबलेली."

तिची गाडी लागली, गेली. घरी येऊन आधी हे वाक्य उतरवलं. दुसऱ्या आवृत्तीत शेवट बदलते.