माझ्या पाळीचं पाणी

गुरु., १२ फेब्रु. १९३१
बीबी गावच्या बाजारात वांगी विकली. मिशनचे पाळकसाहेब तिथेच भेटले. म्हणाले, मेहकरला या, बाप्तिस्मा तिकडे गुपचूप उरकू, गावात तमाशा नको. साफ नाही म्हणालो. चोरी केलेली नाही. गावात, दिवसाढवळ्या, पूर्ण पाण्यात. डोक्यावर चार थेंब शिंपडून भागणार नाही, जुना माणूस बुडायला हवा. आईबापाकडून आलेला धर्म नको, समजून घेतलेला हवा. दोन नावं सांगून टाकली, माझं आणि बायकोचं, सरूचं. मी घरी गेल्यावर कळेलच तिला.

शुक्र., १३
नदी आटलेली. डोहात गावकरी उतरू देत नाहीत. मग मळ्यातला हौद. विहीर दोघा भावांत, पाणी पाळीपाळीने. दादा म्हणाला, "वांगे वाळून राह्यले, अन् तू त्या पाण्यात डुबक्या मारशीन?" म्हटलं, माझ्या पाळीचं पाणी. वांग्यांना घालीन नाहीतर अंगावर घेईन.

शनि., १४
आज माझी पाळी, तर दादा सकाळीच आपला बैल सोडून घेऊन गेला. मोटेला एक त्याचा, एक माझा, अशीच जोडी. आईही त्याच्याच बाजूने. "म्या तुले न्हाऊ घातलं ते काय कमी पडलं रे?" फार लागलं. तरी घागरींनी हौद भरला. सरू दिवसभर पाणी शेंदत होती.

रवि., १५
झाला बाप्तिस्मा. अर्धं गाव बांधावर. पाळकांनी विचारलं, कोणाच्या सांगण्यावरून आलात? माझ्या, म्हणालो, दादाला ऐकू जाईल असं. पाण्याबाहेर आलो तेव्हा हसू आवरत नव्हतं.
मग सरूला बोलावलं. पाळकांनी तिलाही तेच विचारलं. तिने माझ्याकडे बोट केलं. "यायच्या." पाळकांनी मान हलवली, म्हणाले, मग आज नको. दादा मोठ्याने हसला. मी तापलो. चारचौघांत म्हणालो, उतर खाली.
"नाई उतरत. तुमी कोनाले इचारून उतरले?"

सोम., १६
दादाने घराबाहेर काढलं. सरूला म्हणाला, तू बाटली नाहीस, तू राहा. ती माझ्यामागे मळ्यातल्या खोपीत आली. विचारलं, का आलीस?
"माह्या मनानं आली."
आणि बाप्तिस्मा?
"बुडीन तं तोबी माह्या मनानं. नाई तं नाई."
राग आहे अजून. ती बाहेर वांग्यांना पाणी देते आहे.