बांगेनंतरची मोटर

ऐत हमू, ९ ऑक्टोबर

प्रिय बस्सूदादा,

सलाम. वहिनीला आणि मुलींनाही सलाम. तिकडे मार्सेयला थंडी पडायला लागली असेल, छातीला जप. इकडे अल्लाच्या कृपेने सगळे खुशाल. बाबांचा गुडघा तसाच. तू पाठवलेली कॉफी त्यांनी एक घोट घेतली आणि "हे औषध कुणाला दिलंय?" असं पेल्यालाच विचारून बाजूला ढकलली.

फोनवर तू विचारतोस, "तुदा, सोलरच्या प्लेटा कशा चालल्यात?" मी "झकास" म्हणते आणि विषय वहिनीच्या पाठदुखीवर नेते. म्हणून आज लिहायला बसले. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही.

दादा, प्लेटा खरंच झकास चालतात. तोच तर घोळ झाला.

डिझेल होतं तेव्हा दोन तासांत मी विहिरीवरची मोटर बंद करायची, डब्याकडे बघून जीव खालीवर व्हायचा. सूर्य काही मागत नाही. उजाडलं की मोटर सुरू, ती दिवस मावळेपर्यंत. तू पाठवलेल्या बघून गावात आणखी सव्वीस जणांनी प्लेटा बसवल्या. बायका म्हणायच्या, "तुझा भाऊ लाखात एक गं!" आणि मी फुगायची.

या उन्हाळ्यात डोंगराकडून येणाऱ्या भुयारी पाटाचं पाणी करंगळीएवढं झालं. बाबांनी मशिदीसमोर सगळ्यांना बसवलं. चाळीस वर्षं पाटाचं पाणी वाटणारे पाटकरी ते. तांब्याची भोकाची वाटी पाण्यात सोडून, ती बुडेपर्यंत प्रत्येकाची पाळी मोजली, त्यांचा शब्द कुणी कधी मोडला नव्हता. म्हणाले, "दुपारची बांग झाली की मोटरी बंद. जमिनीला जरा दम खाऊ द्या. विहिरी आणि पाट एकाच पाण्यावर जगतात." सगळे हो म्हणाले. मीही म्हणाले.

आता चार महिने तुझ्यापासून लपवलं ते सांगते. मी बंद केली नाही. जनावरांचा लसूणघास ऐन वाढीत होता. वाटलं, एवढी एक कापणी निघू दे. आपलं शेत टोकाला, गुडघ्यामुळे बाबा तिकडे फिरकत नाहीत, कुणाला कळणार?

शेजारच्या इद्दरने पाहिलं. मला बोलला नाही. भर चौकात बाबांना म्हणाला, "काका, आधी घरची मोटर बंद करा, मग आम्हाला शिकवा."

"माझी तुदा? शक्यच नाही!" म्हणाले बाबा, आणि गुडघा ओढत, सगळ्यांना बरोबर घेऊन शेतावर आले. मोटर चालू होती. मी पाण्यात उभी होते.

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ते नुसते माघारी वळले. त्या दिवसापासून गावात कुणी मोटर बंद केली नाही. महिन्याभरात पाट आटला.

आता मी बांगेबरोबर बंद करते, पण बाकीच्या सव्वीस चालूच असतात. सांगायला गेले तर इद्दरची बायको हसते, "आता गं बाई? तेव्हा कुठे गेली होती अक्कल?" तिचं तरी काय चुकलं? विहिरीचं पाणी सहा हात खाली गेलं. खालच्या अंगाच्या खजुरींनी यंदा फळच धरलं नाही. तू आणखी प्लेटा पाठवतोयस, नको पाठवू. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आणि दादा, तू प्रेमाने पाठवलंस, त्याचं मी हे केलं. माझं तोंड मलाच बघवत नाही.

काल जेवताना बाबा चार महिन्यांनी माझ्याशी बोलले. "बस्सूला लिही. त्याच्या घरात एक म्हातारा मावेल का, विचार."

तू आठ वर्षं विनवत होतास. दर वेळी म्हणायचे, "पाटकरी गेला तर पाणी कोण वाटणार?"

मी रडत म्हटलं, "बाबा, चुकले मी." त्यांनी परातीतला आपल्या बाजूचा मांसाचा तुकडा माझ्याकडे सरकवला, लहानपणी सरकवायचे तसा, आणि म्हणाले, "रडू नकोस. पत्ता नीट लिही."

पत्ता नीट लिहिलाय. तू हो म्हणशील, मला ठाऊक आहे. फक्त जरा उशिरा म्हण, दादा.

बाबांचा शब्द मोडणारी, तरी तुझीच,
तुदा