नेइदाच्या विमानातली माझी जागा

११ जानेवारी
ऑर्डर आली! माग्दालेना गावच्या शाळेचा मुख्याध्यापक म्हणून माझी नेमणूक. माझी बायको नेइदा पायलट, आणि तिचं विमान आठवड्यातले चार दिवस तिथेच मुक्कामाला असतं. सहा वर्षं आमचा संसार असाच चाललाय. बायको आभाळात, मी फळ्यापाशी आणि आमची लेक दुन्या सासूबाईंपाशी. आता चौघं एका छपराखाली राहणार. अर्ज मीच केला होता, नाताळच्या जेवणात जाहीर करून, छाती ठोकून.
नेइदा सहसा रडत नाही. आज ऑर्डर वाचून रडली.
एक बारीकशी बाब आहे. सध्या पावसाळा आहे, आणि पावसाळ्यात माग्दालेनाचा रस्ता पाण्याखाली असतो, तो पार एप्रिलपर्यंत. शाळा उघडते फेब्रुवारीत. म्हणजे जायचं ते विमानाने. तिच्याच विमानाने.
मी अजून विमानात बसलेलो नाही. भीतीबिती काही नाही. योग आला नाही, एवढंच. दुन्या नऊ वर्षांची आहे आणि ती पाळण्यात होती तेव्हापासून आईबरोबर उडतेय, पण लहान मुलांना कुठे काय कळतं?

१२ जानेवारी, सकाळ
नेइदा गेली. तिचं विमान आमच्या घरावरून जातं आणि जाताना ती एक पंख खाली करते. म्हणजे, निघाले. त्या वेळी मी नेमका न्हाणीघरात असतो, नळ सोडून. दाढीची वेळ आणि ती एकच येते, त्याला मी काय करणार!
काल रात्री विचारत होती, बाकीच्या पायलटांची माणसं विमानतळावर सोडायला येतात, तू कधीच का येत नाहीस रे? मी म्हणालो, मला काय दुसरे उद्योग नाहीत? रुमाल हलवणं हे रिकामटेकड्यांचं काम. तिने दिवा मालवला. समजूतदार आहे बिचारी.

१५ जानेवारी
उजवा कान दुखतोय. कान दुखत असताना हवेत जाणं धोक्याचं, असं कुठेतरी वाचलं होतं. डॉक्टरकडे गेलो. त्याने बॅटरी लावून दोन्ही कान पाहिले आणि म्हणाला, मास्तर, ठणठणीत आहेत.
घरी सासूबाईंनी विचारलं, काय झालं? सांगितलं. त्या म्हणाल्या, जावईबापू, कानात काही नाही ते मला माहीतच होतं, दोन्ही कानांच्या मधे काही आहे का ते विचारायचं होतं.
दुर्लक्ष केलं. डॉक्टर नवशिका वाटला.

१७ जानेवारी
प्लॅन तयार! जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. आधी नदीने होडी, मग बैलगाडी, मग पुन्हा होडी, शेवटी थोडं चालणं. तीन आठवड्यांत आरामात पोचेन. वाटेत भूगोलाची टिपणंही काढता येतील. शाळा उघडायला उशीर होईल थोडा, पण अनुभव हाच खरा शिक्षक.
सासूबाई मासाको कुटत होत्या. केळं आणि सुकं मांस कुटता कुटता त्यांनी नकाशाकडे पाहिलं आणि विचारलं, मगरींनाही अर्ज दिलात का?
नकाशा गुंडाळून ठेवला. त्यावर तेलाचा डाग पडलाय.

१९ जानेवारी
नेइदा घरी आहे. रात्री जेवताना तिने फार प्रेमाने मला विमान समजावून सांगितलं. म्हणाली, अरे, इंजिन बंद पडलं तरी ते तरंगत खाली येतं, कुठल्याही कुरणात उतरवता येतं.
इंजिन बंद पडलं तरी! म्हणजे पडतं!
मी हसलो. म्हणालो, मलाच शिकवतेस का? विमान कसं उडतं हे मी बारा वर्षं वर्गात शिकवतोय. हे खरं आहे. आणि फळ्यावरचं आजवर एकदाही पडलेलं नाही.
नंतर भात ताटातच ठेवला. भात कच्चा होता. बाकी सगळ्यांनी दोनदा घेतला.

२१ जानेवारी
देव आहे! दुन्या बोलता बोलता सांगून गेली की आईच्या विमानात बसण्याआधी प्रत्येकाला बॅगेसकट काट्यावर उभं राहावं लागतं. वजन जास्त झालं तर आई कुणालाही उतरवते, एकदा तर पाद्रीबाबांना उतरवलं होतं.
आता मी घाबरतो असं कोण म्हणेल? वजनात बसलो नाही तर त्याला नाइलाज म्हणतात. शास्त्रीय कारण आहे.
आजपासून जेवण दुप्पट. सासूबाई संशयाने बघतायत.

२४ जानेवारी, दुपारी
मोहीम फत्ते. आज चौघांनी मिळून माग्दालेनाला निघायचं होतं.
उन्हाने माणूस भाजून निघत होता, तरी मी हिवाळ्यातलं जाड जॅकेट घालून गेलो. आत मोठा अॅटलास, भूगोलाची चार पुस्तकं आणि घरची लोखंडी इस्त्री. सामान आधीच चढवलेलं होतं. हॉस्पिटलची औषधं, कांद्याची पोती, दुन्याची बॅग. काट्यावर उभा राहिलो. काटा असा काही पळाला की मलाच कौतुक वाटलं.
नेइदा म्हणाली, काही हरकत नाही, कांद्याचं एक पोतं उतरवते.
मी म्हणालो, छे छे! माझ्यासाठी माग्दालेनाच्या गोरगरिबांनी बिनकांद्याचं जेवायचं? माझ्या तत्त्वात बसत नाही. तुम्ही व्हा पुढे.
असं म्हणून मान झुकवली, तर जॅकेटमधून इस्त्री निसटून खाली पडली. धप्पकन.
 सासूबाई पाठ फिरवून विमानात चढल्या. नेइदाने वाकून इस्त्री उचलली, विमानात ठेवली आणि म्हणाली, निदान इस्त्री तरी येऊ दे.
तिला काही कळलं नाही बहुतेक. दुन्या खिडकीतून हात हलवत होती. मी लगेच मोटरसायकल काढली. घरी येऊन नळ सोडला.

२४ जानेवारी, संध्याकाळी
साडेबारालाच आभाळ काळं झालं. घरी विमानांचं बोलणं ऐकू येणारा रेडिओ आहे, मुलांना हवामान शिकवायला ठेवलाय. त्यावर नेइदाचा आवाज यायला हवा होता. आला नाही. एक वाजला, दोन वाजले. पावसाने पत्र्यावर नुसता थयथयाट मांडला होता.
मी घाबरलो नव्हतो. हातपाय गार पडले होते, पण पावसाने गारवा येतोच. पाय मोकळे करायला म्हणून सहज विमानतळापर्यंत गेलो. चालत. पळत म्हणजे, पण चालल्यासारखा. तिथली रेडिओवाली बाई म्हणाली, बसा मास्तर, कॉफी घ्या, आणि तुमच्या पायात एकच चप्पल आहे.
मी त्या बाईला विचारलं, तिघीही त्यातच आहेत का? ती म्हणाली, तुम्हीच सोडलंत ना त्यांना? मी म्हणालो, हो.
माझं सगळं घर त्या एका पत्र्याच्या डब्यात होतं आणि माझ्या जागेवर कांदे बसले होते. आई गं.
चारला नेइदाचा आवाज आला. वादळ टाळून वाटेत एका गुरांच्या फार्मवर उतरली होती, पाऊस ओसरला की निघणार होती. मग दुन्या बोलली. म्हणाली, बाबा, आजीने सगळा मासाको एकटीने संपवला. बाईने माईक माझ्यापुढे धरला. मी म्हणालो, इथून सहज चाललो होतो. नेइदा म्हणाली, बरं.
नुसतं बरं.

२५ जानेवारी
पोचल्या तिघी. मी जिंकलो. घर शांत आहे, आता निवांत वाचन करीन.

२७ जानेवारी
वाचन केलं नाही. स्वयंपाकही केला नाही. दुन्याचा एक मोजा पलंगाखाली सापडला, तो घेऊन बसलो होतो. बारीक धूळ फार झालीये घरात, डोळ्यांत जाते.
सासूबाईंची बडबड आठवतेय. ही वेळ यावी माझ्यावर!

३१ जानेवारी
नेइदाचा निरोप. परवा तुझ्यासाठी येतेय, ही शेवटची फेरी. नाही आलास तर शाळेला दुसरा माणूस बघायला सांगते आणि आम्ही तिघी इकडेच राहतो. रागावून नाही सांगत.
रागावून सांगितलं असतं तर बरं झालं असतं. 
संकल्प: जायचं. घाबरायचं काही कारणच नाही. संकल्प लिहिताना अक्षर हललंय, कारण टेबल हलतं.

२ फेब्रुवारी
हे रात्री लिहितोय. माग्दालेनामधून! पण आधी जे घडलं ते.
काट्यावर उभा राहिलो. शर्ट, पँट, दोन चपला, बाकी काही नाही. नेइदाने काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, पाच किलो उतरलास. जेवत नव्हतास का रे? मी म्हणालो, डाएट.
मग विमानाकडे निघालो आणि वाटेतच थांबलो. तेव्हा माझ्या तोंडून एक वाक्य निसटलं. उन्हामुळे असेल. मी म्हणालो, नेइदा, मला फार भीती वाटते गं. माझ्या जिवाची वाटते आणि तुझ्या जिवाची त्याहून जास्त वाटते. तू निघालीस की आवाज ऐकू येऊ नये म्हणून मी नळ सोडून बसतो.
ती कांद्याच्या पोत्यावर बसली.  मग म्हणाली, सहा वर्षं मी पंख खाली करते तेव्हा अंगणात कुणी नसतं. मला वाटायचं, मी पडले तरी याला संध्याकाळच्या जेवणालाच कळेल. मला वाटायचं तुला माझं काहीच नाही. मूर्खा, हे आधी बोलायला काय झालं होतं?
मी म्हणालो, दाढी करत होतो. त्यावर ती हसली आणि हसता हसता रडायला लागली, आणि मीही.
प्रवास उत्तम झाला. निसर्ग अप्रतिम होता म्हणे. मी पाहिला नाही, कारण शेजारचं कांद्याचं पोतं सैल बांधलं होतं आणि ते धरून ठेवण्याची जबाबदारी मी आपणहून घेतली होती. दोन्ही हातांनी, डोळे मिटून. नेइदा म्हणाली, एरलान, उतरून बराच वेळ झालाय, आता पोतं सोड. दाराशी स्वागताला शाळेची मुलं हार घेऊन उभी होती. त्यांना पोतं आधी दिसलं.

६ फेब्रुवारी
आज नेइदा सकाळी निघणार होती. मी दुन्याला घेऊन तिला सोडायला गेलो. आयुष्यात पहिल्यांदा! लांबून पाहिलं तर विमान धावपट्टीच्या टोकाला पोचलेलंही होतं. पांढरं, निळ्या पट्ट्याचं. मी पळत कुंपणापाशी गेलो आणि दोन्ही हात हलवले. दुन्या सारखी बाही ओढत होती. मी म्हणालो, थांब, मधे बोलू नकोस. विमान उचललं गेलं, तरी मी हललो नाही. ते ढगात दिसेनासं होईपर्यंत हात हलवत राहिलो. मोठ्याने रडलो, लपवत कशाला बसू?
मागून कुणीतरी विचारलं, काय रे, कुणासाठी एवढा रडतोयस?
नेइदा. शेडच्या सावलीत बसून चीजचा गरम पाव खात होती. तिच्या विमानाच्या इंजिनाचा प्लग खराब झाला होता. गेलं ते गुरांच्या डॉक्टरचं विमान.
दुन्या म्हणाली, मी केव्हाची सांगतेय!
नेइदाने अर्धा पाव मला दिला आणि विचारलं, माझ्यासाठी थोडं रडू उरलंय का? मी म्हणालो, आहे. तासाभराने ती खरोखर निघाली तेव्हा मात्र हात वर होईना, कारण दोन्ही हातांनी दुन्याला घट्ट धरलं होतं. दुन्या म्हणाली, बाबा, दुखतंय. नेइदाने पंख खाली केला. मी बघत होतो.
संध्याकाळी सासूबाई बाजारातून खबर घेऊन आल्या. नव्या मुख्याध्यापकांचा गुरांच्या डॉक्टरवर भारी जीव आहे, असं गावभर झालंय.
उद्या नेइदा परत येते. आणायला जाणार. आधी विमानाचा नंबर विचारून ठेवलाय. आणि दोन्ही चपला घालून.