माहेरचं पाणी

४ एप्रिल, सोम.
पूजा आली! माझी नात. सातवा लागलाय. तिच्या नांदेडच्या सासूला मीच फोन करकरून मागून घेतली, पहिलं बाळंतपण माहेरीच. सासू म्हणल्या, "आजी, तुमच्या औशाकडं टँकर हाय म्हणे. आमच्याकडं नळ हाय." म्हणलं, लेकीला पाणी पाजायची ऐपत हाय आमची. पणजी होणार मी! आरशात बघितलं, दात चारच, पण हसू मावंना.

९, शनि.
टँकर न्हाई. पूजा लई शहाणी, एका तांब्यात दिवस काढते. "तहानच न्हाई आज्जे, तू पी." शेजारच्या गंगाबाईला म्हणलं, शिका जरा आमच्या पोरीकडून. गंगाबाईनं कैऱ्या दिल्या. बारक्या, पण दिल्या.

१३, बुध.
पाठ दुखती म्हणली. बाळ फिरत असंल. तापल्या विटकरीनं शेकली.

१६, शनि.
काल हुडहुडी भरून ताप. लातूरला नेली. एस्टीत सगळे नवा जिल्हा व्हावा का नको यावर भांडत होते, कुणी जागा देईना. दवाखान्यात डॉ.बाईंनी सोनोग्राफी केली. उजव्या मूत्रपिंडाच्या वाटंत खडा अडकलाय, लघवी तुंबून पू.
"पाणी किती पिते?"
पूजाच्या आधी मीच सांगितलं, मान वर करून: एक तांब्या.
डॉ.बाई माझ्याकडं बघत राहिल्या.  मग माझं मलाच कळलं, मान खाली गेली.

पाठीतून नळी घालून तुंबलेलं बाहेर काढायचं, लगेच. पोरगा (पूजाचा बाप) विचारतो, एक्सरे काढून? "पोटात बाळ हाय, एक्सरे नको. सोनोग्राफीवर बघत घालू. भूल तेवढ्या जागेपुरती." डाव्या कुशीवर निजवली, पोटाखाली उशी. दार लावलं. विभूतीची पुडी माझ्या मुठीतच राहिली, घामानं भिजली. आतून एकदाच "आज्जे" ऐकू आलं.

आई-बाळ दोघं ठीक, डॉ.बाई म्हणल्या. ताप उतरंस्तोवर मात्र भरोसा न्हाई, कळा येऊ शकतात.

२०, बुध.
ताप न्हाई. बाळाचं काळीज ऐकवलं, घोडं उधळल्यावानी. हसले, अन् हसता हसता पदर तोंडाला लावला. नळी अन् तिला लावलेली लघवीची पिशवी बाळंतपणापर्यंत राहणार, नळी मधी मधी बदलायची.
"आजी, रोज तीन लिटर पाणी पाजायचं," डॉ.बाई म्हणल्या.
नांदेडला पाठवू का, मीच विचारलं. "इतक्यात एवढा प्रवास नको."

२४, रवि.
काल घरी आणली. रांजण तळाला. टँकर उद्या म्हणतात, परवा पण उद्याच म्हणले होते. सकाळपासून पिशवीतली लघवी गढूळ दिसती, का माझे डोळे…
तांब्या भरून दिला. अर्धा प्याली, अर्धा माझ्यापुढं सारला.
"मी प्याले," म्हणलं.
"खोटारडी. ओठ बघ तुझे. तू पी, मग मी पिते."
तांब्या मधीच ठेवलाय. दोघी बघून राहिलो त्याच्याकडं.