तळहाताएवढं झबलं

९ जानेवारी

टोपड्याचा घेर पुन्हा उसवला. हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, "बाळाला अजून डोकं तरी आलंय का?"

आलंय! पाचवा चालू आहे सुनेला, दिव्यश्रीला. डोकं, नाक, बोटं, सगळं आलंय. लेकाने, क्षितिजने, सोनोग्राफीचा फोटो पाठवला होता. मला त्यात काही कळलं नाही, पण कळल्यासारखं केलं. सून सिरुसेरीहून व्हिडिओ कॉलवर विचारत होती, "आई, नाक दिसलं?" म्हटलं, दिसलं, आमच्याकडचं आहे.

तिच्या माहेरी, सैदापेटला, मूल होण्याआधी काही शिवायचं नाही असा दंडक. तिची आजी राजसबाई तंजावरच्या मराठी घराण्यातल्या. फोनवर बजावत होत्या, "आधीं कांहीं करूं नका, विहीणबाई. लेंकरूं येऊंदे, मग अस्की करूं." अस्की म्हणजे सगळं. मी तीस वर्षं मद्रासेत काढली तरी ती मराठी कानाला जुन्या पोथीसारखी लागते. मी हो हो म्हणाले. आणि शिवतेय! आमच्या बार्शीला बाळंतविडा आधीच तयार असतो. झबली, टोपडी, दुपटी, कुंची. माझं घर, माझी सुई. त्यांना कुठे दिसतंय.

१२ जानेवारी

रंगनाथन स्ट्रीटवर पोंगलची गर्दी. मलमल मिळाली, हातात घेतली तर आहे की नाही कळू नये इतकी मऊ. चपलेचा पट्टा मात्र तिथेच राहिला. अनवाणी आले.

१७ जानेवारी

गच्चीवर दुपटी वाळत घातली होती. खालच्या मजल्यावरची सुष्मिता आली. नर्स आहे, लेबर वॉर्डात. रात्रपाळी करून आली होती, डोळे तारवटलेले. झबलं हातात घेऊन बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "आंटी, मला एक लहान करून द्याल? रोंब चिन्नदा." फार म्हणजे फारच लहान! आपला तळहात पुढे केला.

पाठीमागून पूर्ण उघडं हवं. बटण नको, इलॅस्टिक नको, नुसत्या नाड्या. शिवण बाहेरच्या बाजूला, कारण कातडी फार नाजूक. काठबीठ नको, साधं चालेल म्हणाली.

काचेच्या पेटीतलं बाळ असणार. बिचारं. लगेच कापायला घेतलं.

१८ जानेवारी

झालं. बाहुलीलासुद्धा तंग होईल. गळ्याला क्रोशाने माझा नेहमीचा काठ घातला, तीन टाके, एक गाठ, मग पान. कडुनिंबाच्या कोवळ्या पाल्याचा हिरवा रंग. नको म्हणाली होती, पण बिनकाठाचं म्हणजे कपडा नव्हे, फडकं. सुष्मिताने काठाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता घेऊन गेली. थँक्यू तरी म्हणायचं!

२८ जानेवारी

जिन्यात सुष्मिता भेटली. विचारलं, "काय गं, आपलं बाळ कसं आहे? वजन वाढलं का?"

ती भिंतीला टेकून उभी राहिली. मग म्हणाली, "आंटी, ते बाळ जिवंत नव्हतं."

मी पायरीवर बसले. तीही बसली. हळूहळू सांगितलं सगळं. सहाव्या महिन्यात गेलेली बाळं. त्यांच्या मापाचं कुठेच काही मिळत नाही. गॉजमध्ये गुंडाळून देतात. नातेवाईक कापडी पिशवीत घालून नेतात, लवकर, कुणी बघायच्या आत. आईला विचारलं, बघायचंय? तर घरचेच म्हणतात, नको, कशाला. "तुमचं घातलं, आणि त्या आईने मागून घेतलं आंटी. मांडीवर घेतलं. काठावरून बोट फिरवत होती." मी आधी सांगायला हवं होतं, म्हणाली. सांगितलं असतं तर तुम्ही केलं नसतं.

रागावणार होते. रागावता आलं नाही. वर येऊन यांना चहा केला आणि त्यात मीठ घातलं.

२९ जानेवारी

सुईला हात लावला नाही.

३ फेब्रुवारी

ह्यांना सांगितलं. हे कधी आवाज चढवत नाहीत, रेल्वेत पस्तीस वर्षं काढली ती खालच्या पट्टीत. आज चढवला. "घरात पाळणा हलायचाय, आणि तू हे काय मांडून बसलीस?" मी म्हटलं, "मग काय पिशवीत न्यायचं त्यांना?" हे टीव्हीकडे बघत बसले. टीव्ही बंद होता.

मलाही भीती वाटते. खरं लिहायचं तर फार वाटते. मी असल्या गोष्टी मानत नाही असं चारचौघांत सांगते, आणि आज कात्री वेगळी काढली, धागा वेगळा, डबा वेगळा. हात मात्र वेगळे कुठून आणू? दिव्यश्रीचं दुपटं घेण्याआधी हात घासून घासून धुतले. कोपरापर्यंत. मग मलाच माझी लाज वाटली.

तरी दोन कापली.

२० फेब्रुवारी

चार दिली. सुष्मिताला निक्षून सांगितलं, कोण शिवतं हे कुणाला कळता कामा नये.

१६ मार्च

दिव्यश्रीला सातवा. सैदापेटला बांगड्या भरण्याचा कार्यक्रम, आमचं डोहाळेजेवण आणि त्यांचं वळैकाप्पु असं एकातच. हिरव्या-लाल बांगड्यांनी पोरीचे हात कोपरापर्यंत भरले. दह्यात कालवलेली डांगर पच्चडी झाली होती, मी दोनदा वाढून घेतली.

तिच्या ऑफिसातली मैत्रीण आली होती, कीर्ती. मूळची नगरची. मराठी बोलायला मिळालं म्हणून माझ्याजवळ बसली. बांगड्या भरायला तेवढी उठली नाही. मी कोपराने ढोसलं तर हसली, म्हणाली, "नको काकू, मी आपली इथे बरी." नंतर दिव्यश्री म्हणाली, जानेवारीत तिचं बाळ गेलं. पोटातच.

मी त्या मुलीला ढोसलं! जीभ झडायला हवी.

११ मे

मुलगा! तीन किलो. दोघं सुखरूप. क्षितिज फोनवर रडत होता, घोडा. हे पेढे आणायला गेले आणि घाईघाईत मैसूरपाक घेऊन आले.

२२ मे

बारसं. नाव अक्षत ठेवलं. झालं ते लिहायलाच हवं.

बाळाच्या अंगावर माझं झबलं होतं. पांढरी मलमल, गळ्याला हिरवी पानं. बायका हात लावून बघत होत्या, मी फुगले होते. कीर्ती आली. दिव्यश्रीने बाळ तिच्या मांडीवर दिलं. मला बरं वाटलं, म्हटलं, पोरीचं मन मोठं आहे. तिने बाळाची मान सावरली आणि तिचा अंगठा गळ्याच्या काठावर थांबला. पानावरून गाठीवर, गाठीवरून पुढच्या पानावर.

"काकू, हे कुणी केलं?"

मी तोऱ्यात म्हटलं, "मीच! दुकानात नाही मिळायचं असं."

ती म्हणाली, "माझ्या मुलीच्या अंगावर हेच होतं."

आवाज काही मोठा नव्हता. पण सगळ्यांनी ऐकलं. राजसबाई पाळण्यापाशी होत्या, त्यांना समजायला एक क्षण लागला. मग त्या उठल्या, कीर्तीच्या मांडीवरून बाळ उचललं, तिथेच झबलं काढलं आणि त्याला आपल्या पदरात गुंडाळलं. कीर्ती चपला घालून निघून गेली. मला तिच्या मागे जायचं होतं. गेले नाही.

२३ मे

काल रात्री क्षितिजला फोनवर सगळं सांगितलं होतं. आज तो पिशवी घेऊन आला. पूर्ण बाळंतविडा. झबली, टोपडी, दुपटी, कुंची, सगळं धुऊन, इस्त्री करून, घडी घालून. इस्त्री करून परत पाठवलं हे जास्त लागलं.

राजसबाईंचा निरोप: "तें काम सोडा, नाहींतर लेंकराला कांहीं धाडूं नका. एकाच हाताचीं दोन्ही नक्को."

क्षितिज म्हणाला, "आई, सोड ना. एवढं काय त्यात? दुसरं कुणीतरी करेल." कोण करेल, ते मात्र त्याने सांगितलं नाही. जेवला नाही, गेला.

२६ मे

सुष्मिताला नाही म्हणून सांगितलं. "सरी, आंटी," म्हणाली. ठीक आहे, एवढंच. वाद घातला असता तर बरं झालं असतं.

७ जून

अक्षतला बघून आले. दुकानातला अंगरखा, पोटावर अस्वल, मानेमागे टोचणारी पट्टी. तिथे लाल वळ उठलाय. मी पट्टी उलटी केली, ती पुन्हा सरळ झाली. दिव्यश्री माझ्याकडे बघत नव्हती. निघताना नुसता माझा हात धरला.

राजसबाई वाईट वागल्या असत्या तर सोपं होतं. त्यांनी हाताने कालवून दहीभात दिला, कुंकू लावलं, गजरा माळला. मग जवळ बसून म्हणाल्या, "ह्या घरांत दोन लेंकरें गेलीं, विहीणबाई. माझींच. म्हणून भितें. तुमचा राग नाहीं." त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर होता. भीती मला माहीत आहे, कोपरापर्यंत हात धुतलेत मी.

येताना मांबलम स्टेशनच्या बाकावर दोन गाड्या जाऊ दिल्या. घरी जाऊन करायचं काय?

१८ जून

सुष्मिता वर आली, काही मागायला नाही, नुसती. मी कॉफी केली. ती प्याली. मग म्हणाली, आज एका बाळाला साडीच्या दुकानाच्या पिशवीतून नेलं. वर दुकानाचं नाव, लाल अक्षरात. बाप पिशवी छातीशी धरून जिना उतरत होता, एक बंद तुटका होता म्हणून.

ती गेल्यावर तो वेगळा डबा काढला.

क्षितिजला फोन केला. म्हटलं, राजसबाईंना माझा नमस्कार सांग. मी हे काम सोडणार नाही. अक्षतला दुकानातलं घाला. त्याला दुकानात मिळतं, त्यांना मिळत नाही. "तुला नातू नकोय का?" म्हणाला. हे ऐकायला मी त्याला वाढवला! फोन ठेवला आणि ओरडून रडले. हे बाहेरच्या खोलीतून आले, पाणी दिलं, पंखा वाढवला.

मग मापं काढली.

२० जून

हे सेफ्टी पिन घेऊन नाड्या उलटवायला बसले. एक तासात एक नाडी! पण बसले. "असं असतं होय हे," म्हणाले.

१४ जुलै

मलमल संपली. कापडवाल्याने विचारलं, "पेरन? पेत्ती?" नातू की नात? दोन्ही, म्हटलं.

१० सप्टेंबर

अक्षत उपडा वळला. फोटोत बघितलं. अंगावर निळं काहीतरी होतं, त्यावर होडी. छान दिसत होता. त्याच्या मापाचं मी अजून करते. पिशवीत ठेवते. त्याला ते आता लहान होत चाललंय.

५ ऑक्टोबर

कीर्ती आली होती. बारशानंतर पहिल्यांदाच. हॉस्पिटलात जाऊन पत्ता सुष्मिताकडून घेतला म्हणाली. मी दार उघडलं आणि हात जोडले, तर तिनेच माझे हात धरले, आणि सोडले नाहीत.

पाणी प्याली. म्हणाली, "काकू, चौथा चालू आहे. आईलाही अजून सांगितलं नाही." मी तिला बसवलं, मलाच बसायला हवं होतं. मग म्हणाली, "पहिलीच्या अंगावर तुमच्याच हातचं होतं. ह्यालाही तुमच्याच हातचं पाहिजे. ह्या वेळी मोठ्या मापाचं करा."