दानियलच्या गिटारचा रंग

११ नोव्हेंबर २०२४, सोमवार

गुडघा ७५ अंशांपर्यंत वाकला. चालणं — घर ते गॅरेज, एकदा जाऊन एकदा येऊन. दुखणं नाही. पायाची बोटं अजून बधिर.

डॉक्टरांनी ही वही पायासाठी ठेवायला सांगितली. पायाचं लिहून झालं की खाली बरीच जागा उरते.

आज मार्थावहिनी आली. दानियलची बायको. तो गेल्यापासून तीन महिन्यांत पहिल्यांदा. रिक्षातून गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी उतरवलं आणि बाकावर ठेवलं. गिटार होती. दानियलने बनवलेली शेवटची. लाकूडकाम पूर्ण, तारा नाहीत, रंग नाही. कोरी.

म्हणाली, त्याच्या वहीत लिहिलंय — रंग, हेमकांत. नाताळाआधी त्यांच्या गावच्या चर्चच्या मंडळीला द्यायचं कबूल केलं होतं. गाण्यासाठी.

मी मोटरसायकलच्या टाक्या रंगवतो, गिटार कधी रंगवली नाही, हे सांगितलं. ती म्हणाली, त्यालाही माहीत होतं ते.

ठेवून जा म्हणालो. का म्हणालो कोण जाणे. चहासुद्धा विचारला नाही.

१२ नोव्हेंबर

गुडघा ७५. गोधडी उघडली नाही.

१४ नोव्हेंबर

उघडली. मागची बाजू शिसवीची, मान सागाची, वरची फळी फिकट देवदाराची. कडेने पांढरी पट्टी बसवलेली, कुठे सांधा दिसत नाही. आत हात घालून पाहिलं. आतूनही घासलेली. आत कोण बघणार होतं?

ओल्या फडक्याने पुसली, वाळू दिली, बारीक पॉलिश पेपर मारला. ओलं केलं की लाकडाचे केस उभे राहतात, ते आधीच काढावे लागतात. स्टुलावर बसून केलं. उभं राहून अजून जमत नाही.

दानियलला सनबर्स्ट हवा होता. मोबाईलवर फोटो दाखवला होता पावसाळ्यात. मला कळलंच नव्हतं. मग तो म्हणाला, "मक्याची भाकर पाहिली ना? मधे पिवळी, कडेला करपलेली. तसं. पण पिवळं कुठे संपलं ते बोट ठेवून सांगता यायला नको." आणि हसला. हसलेला चेहरा आठवतो. आवाज आठवत नाही.

आई डबा घेऊन आली. गिटार पाहून दारातच थांबली. "त्यानी गाडी कसाले एवढी पळाडी? तुले मारी टाकं व्हतं त्यानी." ऑगस्टपासून आई हेच म्हणते. दानियलची मोटरसायकल, आम्ही दोघं, नंदुरबारहून येत होतो. चिंचपाड्याच्या अलीकडच्या वळणावर बिनदिव्याचा ट्रॅक्टर उभा होता. दानियल जागेवर गेला. माझा पाय तीन ठिकाणी मोडला.

जेवलो. भाजी कसली होती ते आता आठवत नाही.

१८ नोव्हेंबर, सोमवार

भोकात वर्तमानपत्राचे बोळे कोंबले. मानेच्या पट्टीवर आणि पांढऱ्या कडेवर मास्किंग टेप. लाकडाची छिद्रं बुजवायला सीलरचे दोन हात. दुपारी पिवळा — साफ, बिनरंगी लाकरमध्ये थेंब थेंब रंग टाकून. टाकीवर रंग झाकतो. इथे रंगाखालून लाकडाच्या रेषा दिसायला हव्यात. म्हणजे पातळ, फार पातळ.

पिवळा छान बसला. छान हा शब्द लिहिला. तसं वाटलं मात्र नाही.

१९ नोव्हेंबर

गुडघा ८०. वाळते आहे.

२१ नोव्हेंबर

बिघडवली.

तपकिरी भरला, स्प्रे गन चालवली, सवयीने जवळ धरली. टाकीला धरतो तशी. गोल फिरवत आणलं आणि ठळक पट्टा पडला! इथे पिवळं, इथे तपकिरी. आंधळ्यालाही बोट ठेवता येईल.

थिनरने सगळं पुसलं. पिवळाही गेला. फळी परत फिकट, तशीच जशी गोधडीतून निघाली होती. चार दिवसांचं काम. राग यायला हवा होता. वाट पाहिली. आला नाही. फडकी गोळा केली, गन धुतली, घरी गेलो.

२२ नोव्हेंबर

वहिनी बघायला आली. बिघडली म्हणून सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, त्याने पहिल्या दोन गिटार चुलीत घातल्या होत्या. त्यावर स्वयंपाक केला होता तिने.

मग बसली. आपणहून बोलत राहिली, मी टेप लावत होतो. गावात लोक म्हणतात दानियल पिऊन चालवत होता. अब्राहामकाका — दानियलचे वडील — मंडळीचे पुढारी म्हणून वीस वर्षं पुढे उभे राहून प्रार्थना चालवत. आता शेवटच्या बाकावर बसतात, चपलांजवळ. पास्टरना सांगून टाकलं, ज्याला आपलं पोर सांभाळता आलं नाही त्याने मंडळी काय सांभाळायची. घरात दानियलचं नाव काढू देत नाहीत.

मी म्हणालो, दानियल पीत नव्हता.

"मला माहीत आहे, भाऊ. पण वेगात तर होता ना?"

मी गनचं तोंड उघडून साफ करायला घेतलं. ते कालच साफ केलं होतं. मग तिची जीप आली.

२५ नोव्हेंबर, सोमवार

पिवळा शनिवारी परत मारला होता. आज कडा.

आधी प्लायवूडच्या तुकड्यांवर सहा वेळा करून पाहिलं. मग समजलं. गन आतून बाहेर तिरकी धरायची, म्हणजे अर्धा फवारा गिटारच्या पलीकडे हवेत जातो. रंग वाया गेला तर जाऊ द्यायचा. लांबून, धुक्यासारखा. आधी तपकिरी, मग लालसर, अगदी कडेला काळा. एक फेरी, थांब. लांब जाऊन बघ. परत एक फेरी.

दुपारी दोनला थांबलो. पिवळं कुठे संपतं ते मलाच सांगता येत नव्हतं. शेजारचा पंक्चरवाला सुरुपसिंग आत आला, बघत उभा राहिला, म्हणाला, हे तू केलं? हो म्हणालो. त्याने पाठीवर थाप मारली. जन्मात केलेलं सगळ्यात चांगलं काम असेल हे. तसं मला कळतं. नुसतं कळतं.

२६ नोव्हेंबर

टेप काढला. पांढऱ्या कडेवर जिथे रंग शिरला तिथे ब्लेडने खरवडला. हात एकदाही हलला नाही.

२९ नोव्हेंबर

साफ लाकरचे हात. सकाळी घाई केली. थंडी, दव — लाकर पांढरं पडलं. सगळ्या गिटारवर साय धरल्यासारखी. आत रंग आहे पण दिसत नाही.

ऊन चढेपर्यंत बसलो. मग नुसत्या थिनरचा हलका फवारा मारला. पांढरेपणा गेला, रंग वर आला. पुढचे हात आता दुपारीच.

३ डिसेंबर

गुडघा ९०. डॉक्टर खूश. झोप लागते का, विचारलं. लागते. भूक? आहे. मनात काही? नाही म्हणालो. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

परत येताना त्या वळणावरून बस गेली. मी पुढच्या सीटच्या पाठीवर लिहिलेलं वाचत होतो. वळण गेल्यावर समजलं की गेलं.

९ डिसेंबर, सोमवार

दहा दिवस वाळली. पाणी लावून घासायचा पेपर मारला, आधी हजारचा, मग दोन हजारचा. मग कंपाउंड, मग मऊ कापड. इतकी चमकली की तिच्यात गॅरेजचं दार दिसलं आणि दारात मी. ओळखलं स्वतःला. बाकी काही नाही.

वहिनी दुपारी आली. तारा धरणारी पट्टी तिनेच चिकटवली, तिनेच शिकंजे लावले. सगळं येतं तिला. इतकी वर्षं दानियलच्या शेजारी बसून केलंय. तारा ओढायच्या आधी दोन दिवस गोंद वाळू द्यायचा म्हणाली. मला माहीत नव्हतं.

११ डिसेंबर

तारा लागल्या. वहिनीने एक सूर छेडला. दानियलने तेवढाच शिकवला होता म्हणे. आवाज बराच वेळ गॅरेजमध्ये राहिला. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी हत्यारं आवरली.

आईने तेवढ्यात हाक मारली, "काय व्हयनं रे? कोन रडी ऱ्हायनं?" कोणी नाही म्हणालो.

१३ डिसेंबर

वहिनीचा फोन. रविवारी उपासनेला या, अब्राहामकाकांनी मुद्दाम बोलावलंय. नाही म्हणता येईना. पायाचं कारण दिलं तर ती म्हणाली, काका गाडी पाठवतील. बसने येतो म्हणालो.

१५ डिसेंबर, रविवार

लहानसं चर्च, निळ्या भिंती, कागदी चांदण्या लावणं चाललेलं. मला पहिल्या बाकावर बसवलं. गिटार टेबलावर, पांढऱ्या कापडावर. खिडकीतलं ऊन तिच्यावर पडलं तेव्हा मागे बायका काहीतरी कुजबुजल्या.

पास्टरनी प्रार्थना केली. मग म्हणाले, अब्राहामकाकांना दोन शब्द बोलायचेत. काका शेवटच्या बाकावरून उठले. चार महिन्यांत पहिल्यांदा पुढे येत होते, सगळे मान वळवून बघत होते. हळूहळू चालत आले. लोकांसमोर उभे राहतील असं वाटलं. ते माझ्यासमोर उभे राहिले.

"हेमकांत," म्हणाले, "माझ्या पोराने तुझा पाय मोडला. तू वाचलास ही देवाची दया. तरी तू त्याचं काम पुरं केलंस. तो असता तर त्याने माफी मागितली असती. तो नाही, म्हणून मी मागतो. त्याला माफ कर."

आणि खाली वाकले. पंचाहत्तर वर्षांचा माणूस. माझ्या गुडघ्यावर दोन्ही हात ठेवले आणि तसेच राहिले.

मी म्हणालो, "असं करू नका, काका." एवढंच म्हणालो. त्यांना धरून उठवलं. लोकांनी गाणं सुरू केलं. कोणीतरी गिटार वाजवत होतं. मार्थावहिनी पदरात तोंड घालून बसली होती.

नंतर सगळ्यांनी हात मिळवले. बटाट्याची भाजी, पुरी, शेव. खाल्लं. एकाने विचारलं, हा रंग कसा करतात. मी नीट समजावून सांगितलं, गन कशी धरायची, फवारा बाहेर कसा सोडायचा. माझा आवाज मला ऐकू येत होता.

शेवटच्या बसने घरी. गुडघा मोजला नाही.

१६ डिसेंबर, सोमवार

गाडी मी चालवत होतो.

दानियल मागे बसला होता. दवाखान्यात पोलिसाने विचारलं, गाडी त्याची म्हणजे तोच चालवत होता ना — आणि मी मान हलवली.

आज सकाळच्या बसने परत गेलो. काका खळ्यावर भात उलटत होते. उभ्याउभ्याच सांगितलं. त्यांनी हातातलं फावडं खाली ठेवलं. मग घराकडे वळून हाक मारली, "मार्था, बाहेर ये."

ती ओले हात पुसत आली.

"आता हिला सांग," काका म्हणाले.

मी परत सांगितलं.